तिरक्या पात्याचा इतिहास

दरवर्षी स्मरणिकेचे काम सुरू झाले की मी दोन-तीन जाहिराती मिळवून देतो आणि लेखातून सुटका करून घेतो. यंदा संपादकांनी ऐकले नाही. "वर्कशॉपमधलं काहीतरी लिहा, पण आम्हाला समजेल असं," अशी अट घातली. म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात रोज सकाळी असणाऱ्या एका यंत्राविषयी लिहितो. ते यंत्र म्हणजे दाढीचा रेझर, आणि त्यातही तिरक्या पात्याचा, ज्याला 'स्लँट' म्हणतात तो.

या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. आमचे बाबा इथल्या वर्कशॉपमध्ये सुतारकामावर होते. नागपूरहून खरगपूरला आले तेव्हा नागपूर विभाग दक्षिण पूर्व रेल्वेतच होता, त्यामुळे बदली म्हणजे एकाच घरातल्या दुसऱ्या खोलीत जाणे, असे ते म्हणतात. आता वय शहात्तर. हात थरथरतात, आणि हृदयाच्या दुखण्यानंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. पण दाढी रोज हवी. दोन वर्षांपूर्वी ऐन गौरीच्या दिवशी त्यांनी स्वतः दाढी करताना हनुवटीखाली कापून घेतले. तुरटी फिरवली, कापूस दाबून धरला, तरी रक्त थांबायला अर्धा तास लागला. डॉक्टरांनी विजेवरची मशीन वापरायला सांगितले. बाबांनी ती दोन दिवस वापरली आणि म्हणाले, "ही खाजवते, दाढी करत नाही." तेव्हापासून त्यांची दाढी मी करतो. त्यांचे खुंट तारेसारखे आणि कातडी सैल. एकाच जागेवरून तीन-तीनदा पाते फिरवावे लागते, आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. कमी हातांत काम होईल असा रेझर शोधता शोधता मी या तिरक्या पात्यापर्यंत पोहोचलो.

आता थोडा इतिहास. दाढी करताना कापू नये, ही धडपड अडीचशे वर्षांची आहे. पॅरिसमधले एक सुरी-कात्री बनवणारे कारागीर, झाँ-जाक पेरे, यांनी १७७० च्या सुमारास स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर पुस्तकच लिहिले. वस्तऱ्याला लाकडी आडोसा लावायचा, म्हणजे पाते कातडीत खोल शिरत नाही, ही कल्पना त्यांची. १८४७ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हेन्सन यांनी पाते दांड्याला आडवे बसवले, कुदळीसारखे. वाफेवर चालणाऱ्या विमानाचा आराखडा काढणारे हेन्सन ते हेच. विमान काही उडाले नाही, पण दांड्याला आडवे पाते मात्र आजतागायत टिकून आहे. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्पफे बंधूंनी पुढची सुधारणा केली. पण या सगळ्यात पाते जाड होते आणि त्याला धार लावत बसावे लागे.

खरी क्रांती किंग कॅम्प जिलेट यांची. पातळ पोलादी पट्टीचे, धार गेली की फेकून द्यायचे पाते त्यांना सुचले. सुचणे सोपे होते, करणे कठीण. इतक्या पातळ पत्र्याला कडकपणा आणून दोन्ही बाजूंनी धार लावायची यंत्रे विल्यम निकरसन या अभियंत्याने तयार केली. (अभियंत्याचे नाव मागे राहते, हे आपल्या खात्याला नवीन नाही!) १९०३ मध्ये त्यांचे अवघे ५१ रेझर खपले. दुसऱ्या वर्षी तो आकडा नव्वद हजारांवर गेला आणि त्याच वर्षी, १९०४ मध्ये, पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी लाखोंनी रेझर घेतले, आणि घरी परतलेल्या सैनिकाला रोज स्वतः दाढी करायची सवय लागली होती.

तिरके पाते मात्र जर्मनीचे. तिथले झोलिंगन हे शहर तलवारी, सुऱ्या, कात्र्या आणि वस्तरे यांचे माहेरघर. या नावाला इतकी किंमत की १९३८ मध्ये 'झोलिंगन' हा शब्द मालावर कोणी छापावा यासाठी खास कायदा झाला. जिलेटचे अमेरिकेतले पेटंट १९२१ मध्ये संपले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन कारखानदारांनी या रेझरमध्ये आपापले बदल करून पाहिले, आणि त्यातलाच एक म्हणजे पाते तिरके बसवणे. मेर्कुर, मुलकुटो, फासान यांनी असे रेझर काढले. वालबुश यांनी तर बेकेलाइटचे काढले. पुढे १९७१ मध्ये जिलेटने दोन पात्यांचे बंद काडतूस आणले आणि पाश्चात्त्य देशांत साधे दुधारी पातेच मागे पडले, तिथे तिरक्याला कोण विचारतो? मेर्कुरने मात्र तो चालू ठेवला. अलीकडच्या पंधरा-वीस वर्षांत जुन्या पद्धतीच्या दाढीची हौस परत आली, आणि तिरक्या रेझरचे नवे नमुनेही निघाले.

आपल्याकडे दुधारी पाते कधी गेलेच नाही. कोलकात्याचे टोपाझ, ठाण्याचे सुपरमॅक्स ही नावे परदेशातल्या शौकिनांनाही ठाऊक झाली. तिरक्या रेझरलाही पाते हेच लागते, वेगळे नाही. रेझर महाग, पाते तेच काही रुपयांचे.

माझ्याकडे आला तो मेर्कुरचा. डबा उघडल्यावर आमची सौ. म्हणाली, "वाकडा आलाय, परत करा." दिसतो तसाच. वरची आणि खालची तबकडी पिळलेली असते. स्क्रू आवळला की मधले सपाट पाते त्यांच्याबरोबर पिळले जाते, आणि धारेचे एक टोक वर तर दुसरे खाली दिसते.

याचे समर्थन करताना बहुतेक जण गिलोटिनचा दाखला देतात. १७९२ मध्ये फ्रान्समध्ये त्या यंत्राचे पाते तिरके ठेवले होते, तसेच हे, असे सांगतात. आमच्या शिअरिंग मशीनचेही वरचे पाते तिरके असते. पण तिथले कारण वेगळे. पत्रा अखंड असतो. तिरक्या पात्याने तो एका टोकाकडून थोडा थोडा कापला जातो आणि मशीनवर एकदम भार येत नाही. दाढीचा प्रत्येक केस सुटा. त्याला शेजारच्या केसाशी देणेघेणे नाही.

दुसरे समर्थन विळीचे. जुडी पात्यावर नुसती दाबली तर चेंगरते, दाबता दाबता पुढे सारली तर चिरली जाते. हे खरे आहे. पण किती सारली, हेही पाहावे लागेल. समजा पाते ५ अंशांनी तिरके आहे. रेझर १० मिलिमीटर खाली ओढला तर धारेच्या लांबीच्या दिशेने सरक होते जेमतेम ०.९ मिलिमीटर. ओढीच्या एक दशांशही नाही. सलूनमधला कसबी कारागीर वस्तरा ३० अंश तिरका ओढतो, तेव्हा तीच सरक ५ मिलिमीटर होते. म्हणजे केस 'चिरला' जातो म्हणून तिरका रेझर चांगला, ही गोष्ट मला पटत नाही. फरक पडत असेल तर अगदी थोडा.

मग तो चांगला चालतो का? चालतो. आणि माझ्या मते त्याचे कारण पिळात आहे. एक कोरा कागद एका कडेला धरा, तो लोंबतो. त्याच कागदाला पन्हळीसारखा बाक द्या, तो ताठ उभा राहतो. पाते एक दशांश मिलिमीटर जाडीचे. राठ केसाला भिडले की त्याची उघडी धार थोडी मागे वाकते, थरथरते, आणि आपल्याला केस ओढल्यासारखे वाटते. साध्या रेझरमध्येही तबकडी पात्याला बाक देतेच. तिरक्यात त्यावर पीळही येतो, पाते आणखी ताठ होते आणि धार जागची हलत नाही. लेथवर टूल फार बाहेर काढून बांधले तर ते थरथरते, हे आमच्या वर्कशॉपमधल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. तसेच हे.

तरी एक सांगतो, याहून मोठा फरक गरम पाण्याने पडतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी पात्याच्या धारेचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण, तरी विशिष्ट कोनात वाकलेला केस धारेचा टवका काढू शकतो, असे त्यांना दिसले. भिजलेला केस मऊ होतो. दोन-तीन मिनिटे ओला टॉवेल आणि ब्रशने नीट केलेला फेस, हे ज्याला जमत नाही त्याने तिरक्या रेझरवर पैसे घालवू नयेत.

मी स्वतःवर दोन महिने वापरला. पहिल्या आठवड्यात हनुवटीवर दोनदा कापले, कारण जुन्या सवयीने दाबत होतो. तिसऱ्या आठवड्यापासून साध्या रेझरचे तीन हात लागत तिथे दोनांत काम होऊ लागले. गालावर तर आवाजही येत नाही. मानेवर आणि नाकाखाली मात्र त्याचे तिरके डोके अडचणीचे जाते.

मग एका रविवारी तो बाबांना दाखवला. त्यांनी तो डोळ्यासमोर धरला, एक डोळा मिटून धारेच्या रेषेत पाहिले, आणि हसले. "अरे, यात रंधा आडवा धरलाय." कठीण लाकडात गाठ आली की रंधा सरळ न रेटता थोडा आडवा करून चालवायचा, हे त्यांनी आयुष्यभर केलेले. मला गंमत वाटली, कारण जर्मन भाषेत सेफ्टी रेझरला 'दाढीचा रंधा' अशाच अर्थाचा शब्द आहे. ते लगेच म्हणाले, "यानंच कर आज."

मी केली नाही. ज्या हातांना त्या रेझरची सवय होऊन दोनच महिने झाले, ते हात गोळी चालू असलेल्या माणसाच्या सैल मानेवर चालवायचे नाहीत, असे ठरवले. बाबा रागावले, तासभर बोलले नाहीत. मग त्यांचाच जुना, सौम्य रेझर घेऊन बसलो. फेस लावल्यावर ते म्हणाले, "रंध्यावर भार द्यायचा नसतो. पातं नीट लागलं असेल तर तो आपला चालतो. तू रेटतोस." त्या दिवशी दांडा अगदी टोकाला, दोन बोटांत धरला. रेझरच्या वजनाने जेवढे कापले जाईल तेवढेच कापले. खुंट थोडे राहिले, पण रक्ताचा थेंब आला नाही. मानेपुरती आता मशीन फिरवतो, तेवढे त्यांनी मान्य केले आहे.

तेव्हा घ्यावा की नाही, असे विचाराल तर: दाढी राठ असेल, साध्या दुधारी रेझरवर हात बसला असेल आणि दाबायची सवय सुटली असेल, तर जरूर वापरून पाहा. काडतुसावरून थेट यावर उडी मारू नका. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डॉक्टरांचे ऐका, माझे नको. आणि विकत घेण्याआधी कोणाला हाताळून पाहायचा असेल तर आमच्या क्वार्टरवर या, उकळत्या पाण्यातून काढून ठेवतो. पाते मात्र आपापले आणावे.

बाबा दर रविवारी विचारतात, "ते वाकडं कधी काढणार?" दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली आहे.