‘तान्हाजी’ सिनेमातलं किती खरं? उमरठ, कोंढाणा आणि ‘सिंहगड’ नावाची गोष्ट

फेब्रुवारी उजाडला की व्हॉट्सॲप स्टेटसवर एक मेसेज हमखास फिरतो: तानाजी मालुसरे पडले, महाराजांना दुःख झालं आणि तेव्हापासून कोंढाण्याचं नाव ‘सिंहगड’ पडलं. सोबत बहुतेक वेळा अजय देवगणचा फोटो असतो. यातली लढाई खरी आहे, बलिदान खरं आहे. पण नावाची गोष्ट तशी नाही. चला, नेमकं काय घडलं ते समजून घेऊया.

उमरठ कुठे आहे?

रायगड जिल्ह्यात, महाडच्या दक्षिणेला पोलादपूर तालुका आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या या तालुक्यातलं उमरठ हे तानाजींचं गाव. त्यांची समाधी इथेच आहे. जवळच्या साखर गावात त्यांचे भाऊ सूर्याजी यांची समाधी दाखवतात. लढाईनंतर तानाजींचा देह मढे घाटाने कोकणात उतरवून उमरठला आणला, असं परंपरा सांगते. हा घाट पुणे जिल्ह्यातून महाड तालुक्याच्या बाजूला उतरतो. त्याचं नावही याच घटनेवरून पडलं, असं मानतात.

लढाई का झाली?

१६६५ च्या पुरंदर तहात शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यात कोंढाणा होता. पुढच्याच वर्षी आग्र्याची कैद आणि तिथून सुटका झाली. त्यानंतर काही काळ शांततेत गेला. १६७० च्या सुरुवातीला महाराजांनी गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. ४ फेब्रुवारी १६७०, म्हणजे माघ वद्य नवमीच्या रात्री, तानाजी आपल्या मावळ्यांसह कोंढाण्याचा कडा चढले. किल्लेदार होता उदयभान राठोड. त्या वेळी राजधानी रायगड नव्हे, राजगड होती.

जुनी साधनं काय सांगतात?

कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली. म्हणजे लढाईनंतर पंचवीस-तीस वर्षांच्या आत. त्यात पाचशे माणसांचा आकडा आहे. तानाजी आणि उदयभान एकमेकांशी लढता लढता दोघेही पडले, मग सूर्याजींनी लोकांना सावरून गड घेतला, असं सभासद सांगतो. गड आल्याची खूण म्हणून गडावर आग पेटवली गेली.

यशवंती घोरपड, रायबाचं लग्न, ऐंशी वर्षांचे शेलारमामा हे सगळं आपल्याला माहीत आहे ते मुख्यतः तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यामुळे. पोवाडा हा लोकांसमोर डफावर गायचा प्रकार. त्यात प्रसंग रंगवून सांगायचे, हेच शाहिराचं काम. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही.

मग ‘सिंहगड’ नाव कधीचं?

महाराजांच्या ३ एप्रिल १६६३ च्या पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आलेलं आहे. म्हणजे तानाजींच्या बलिदानाच्या जवळपास सात वर्षं आधी! सभासदाच्या बखरीत महाराजांचा शोक आहे, पण त्यात सिंहाचा उल्लेख नाही. एक गड हाती आला, पण एक गड गमावला, अशा अर्थाचं बोलणं आहे. ‘गड आला पण सिंह गेला’ हे शब्द घरोघरी पोचले ते हरि नारायण आपटे यांच्या याच नावाच्या कादंबरीमुळे.

सिनेमाने काय बदललं?

ओम राऊत दिग्दर्शित ‘तान्हाजी: द अनसंग वॉरियर’ १० जानेवारी २०२० ला प्रदर्शित झाला. या भूमिकेसाठी अजय देवगणला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सिनेमात उदयभान ‘नागीन’ नावाची प्रचंड तोफ घेऊन येतो आणि ती राजगडावर रोखतो. ही तोफ पटकथेतली आहे. शेवटही पाहा: सभासदाकडे दोघे वीर एकाच वेळी पडतात, पोवाड्यात शेलारमामा उदयभानाला मारतात, तर सिनेमात तानाजीच त्याला संपवतात आणि मग प्राण सोडतात. उदयभान साकारणाऱ्या सैफ अली खानने नंतर एका मुलाखतीत हा इतिहास आहे असं आपल्याला वाटत नाही, असं सांगितलं आणि त्यावरून वादही झाला.

असं जगभर होतं. १९९५ च्या ‘ब्रेव्हहार्ट’मध्ये स्कॉटलंडची स्टर्लिंग पुलाची लढाई आहे, पण पुलाशिवाय! खऱ्या लढाईत तर अरुंद पुलामुळेच इंग्रज सैन्य कोंडीत सापडलं होतं.

‘अनसंग’ म्हणजे ज्याचे गोडवे कुणी गायले नाहीत असा. बाकी देशासाठी ते खरं असेलही. पण महाराष्ट्रात तानाजींचा पोवाडा पिढ्यानपिढ्या गायला जातोय.

हे माहीत असणं का महत्त्वाचं?

तोफ आणि घोरपड बाजूला ठेवली तरी तानाजी लहान होत नाहीत. अंधारात कडा चढून मोगलांच्या ताब्यातला बळकट किल्ला घेणं, तेही मोजक्या माणसांनी, एवढंच पुरेसं थक्क करणारं आहे. या विजयानंतर महिनाभरात, मार्च १६७० मध्ये, पुरंदरही स्वराज्यात परत आला. ऑक्टोबरात महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. म्हणजे पुरंदर तहाने गेलेलं परत मिळवण्याची जी मोहीम सुरू झाली, तिच्या तोंडाशीच कोंढाण्याची ही रात्र आहे. नाव कशावरून पडलं या गोष्टीत ही बाजू झाकली जाते.

सिंहगडावर दर रविवारी गर्दी असते. तुम्ही मुंबई-गोवा महामार्गाने जात असाल तर पोलादपूरला वाट वाकडी करा आणि उमरठला समाधीसमोर थोडा वेळ थांबा. आणि पुढच्या ४ फेब्रुवारीला स्टेटस ठेवताना तानाजींच्या नावासोबत सूर्याजींचंही नाव लिहा. गड हातात आला तो त्यांनी माणसं सावरली म्हणून.