काठावरचे शांत पाणी फसवे. वाऱ्याची दिशा ओळखा

भंडारा, प्रतिनिधी - वैनगंगेवरील गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. या धरणामुळे पवनी तालुक्यापासून भंडारा शहरापर्यंत विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला आहे. मासेमारीचे डोंगे आणि हौशी नौकाविहार करणारे, दोघांनाही येथे सर्वाधिक फसवतो तो काठाकडून पाण्याकडे वाहणारा वारा.

लाट उठण्यासाठी वाऱ्याला पाण्यावरून काही अंतर धावावे लागते. त्यामुळे वारा पाठीवर घेऊन उभे राहिल्यास पायापुढचे पाणी संथ दिसते. लाटा पुढे, खोल पाण्यात वाढतात. काठावरून लाटांची पाठच दिसत असल्याने फेसही कमी जाणवतो. जाताना नाव सहज सरकते, परतताना मात्र प्रत्येक वल्ह्याला वारा आडवा येतो.

कोकणात रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या अशाच वाऱ्यांना मतलई वारे म्हणतात. गोव्यातील मोरजीसारख्या किनाऱ्यांवर पतंगाच्या ओढीने फळीवरून पाणी कापण्याचा ‘काइटसर्फिंग’ हा खेळ चालतो. बचावनौका सज्ज नसेल, तर जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यात पाण्यात उतरू नये, हा या खेळातील मूलभूत दंडक आहे. पतंग पाण्यात कोसळला की खेळाडू किनाऱ्यापासून दूरच ओढला जातो. शिवाय झाडे व टेकड्यांवरून येणारा हा वारा झोताझोताने वाहतो आणि पतंगाला अवचित हिसके देतो. जलाशयातही हाच दंडक लागू पडतो.

घ्यावयाची दक्षता

- उतरण्यापूर्वी वाळलेले गवत उधळून वाऱ्याची दिशा पाहावी. वारा आपल्या काठाकडे येत असेल, अशी जागा निवडावी.
- जीवरक्षक जाकीट अंगात घालून त्याचे पट्टे आवळावेत. ते नावेत नुसते ठेवू नये.
- प्रथम वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर परतीला वाऱ्याची साथ मिळते.
- वाहत गेल्यास नाव वा फळी सोडू नये. एकट्या माणसाचे डोके लाटांत दिसत नाही, नाव दुरून दिसते. पतंग असल्यास तातडीच्या कळीने त्याची ओढ तोडावी.
- काठावरील व्यक्तीने पाण्यात उडी न घेता ११२ क्रमांकावर कळवावे आणि वाहत जाणाऱ्यावरील नजर हटवू नये.

एप्रिल-मे महिन्यांत वळिवाच्या वादळापूर्वी वाऱ्याची दिशा काही मिनिटांत पालटते. क्षितिजावर काळे ढग दिसताच पाणी सोडणे श्रेयस्कर. परतीचा मार्ग वारा ठरवतो. त्यामुळे पाण्याइतकेच लक्ष वाऱ्याकडेही असावे.