चार आणे, पंचवीस पैसे आणि एक टिंब

आजची गोष्ट एका टिंबाची. दशांश चिन्हाची.

चला कडेगावला, उंच ताबूतांच्या गावात. तारीख १ एप्रिल १९५७. जिल्हा तेव्हा दक्षिण सातारा. त्याचं नाव सांगली झालं १९६० साली.

आदल्या दिवसापर्यंत रुपयाचे आणे १६, आण्याचे पैसे ४, पैशाच्या पै ३. म्हणजे रुपयाच्या १९२ पै! शाळेत पोरं पावकी, निमकी, दिडकी घोकायची. आणि ते बाजारात कामाला यायचं, कारण १६ चे अर्धे करत गेलात की ८, ४, २, १. कुठेच अडत नाही.

त्या दिवसापासून रुपयाचे झाले १०० नये पैसे. चार आणे म्हणजे २५, आठ आणे म्हणजे ५०. इथवर ठीक. पण एक आणा? हिशेबाने सव्वासहा, धरायचे सहा. म्हणजे आण्या-आण्याचे शेंगदाणे चारदा घेतले तर २४ पैसे, आणि एकदम चार आण्यांचे घेतले तर २५! आता सांगा, गोंधळ होणार की नाही?

पुढे १ ऑक्टोबर १९५८ पासून मीटर-किलो यायला लागले. शेर, मण हळूहळू मागे पडले. १९६४ मध्ये पैशापुढचा 'नया' गेला. शाळेतल्या दशांशाला आता खिशातलंच उदाहरण मिळालं: २.२५ म्हणजे सव्वादोन रुपये.

पण यात एक फसगत आहे बरं का. मुलाला वाटतं, टिंबाच्या अलीकडे रुपये, पलीकडे पैसे, संपलं. मग ३.५ लिहिलं की तो म्हणतो, तीन रुपये पाच पैसे. आणि ०.२५ हे ०.५ पेक्षा मोठं, कारण पाचापेक्षा पंचवीस मोठे!

यावर उपाय साधा. एक कागदी पट्टी घ्या, दहा सारखे भाग करा. पाच भाग रंगवले की ०.५. आता प्रत्येक भागाचे पुन्हा दहा करा, म्हणजे झाले शंभर. त्यातले पंचवीस रंगवा. पट्टी पावच भरते. पोराला डोळ्यांनी दिसतं. म्हणून 'पॉइंट पंचवीस' म्हणू नका, 'पॉइंट दोन पाच' म्हणा.

२०११ मध्ये २५ पैशांचं नाणं बंद झालं. आजच्या पोरांच्या हातात पैसे नाहीत, टिंब मात्र मोबाईलच्या स्क्रीनवर आहे. तेव्हा घरात धाकटं भावंडं असेल तर आज एक पट्टी कापाच.

आणि आजीला विचारा, पावकी येते का अजून? भेटू पुढच्या भागात!