जिभेवर विरघळणारी औषधाची पट्टी: बनवणं सोपं, वसईच्या पावसाळ्यात टिकवणं अवघड

सकाळची विरार-चर्चगेट फास्ट. उभं राहायला जागा नाही, बॅगेतून पाण्याची बाटली काढणं तर लांबच. अशात मळमळ सुरू झाली आणि खिशात गोळी असली, तरी पाण्याशिवाय ती घशाखाली कशी उतरणार?

लोकलमधल्या प्रवाशाची ही अडचण तासाभराची. पण अर्धांगवायूनंतर गिळायला त्रास होणारे आजोबा, प्रत्येक गोळी थुंकून टाकणारं लहान मूल किंवा केमोथेरपीनंतर पाण्याचा घोटही पोटात न ठरणारा रुग्ण यांची हीच अडचण रोजची असते. औषध घरात असतं, पण पोटात जात नाही.

यावर औषधनिर्मिती क्षेत्राने शोधलेला एक उपाय म्हणजे ओरल फिल्म.

ओरल फिल्म म्हणजे नेमकं काय?

पोस्टाच्या तिकिटाएवढी, कागदासारखी पातळ पट्टी. जिभेवर ठेवली की लाळेने भिजते आणि साधारण अर्ध्या ते एका मिनिटात विरघळते. पाणी लागत नाही, चावावी लागत नाही. जिभेला चिकटत असल्याने ती थुंकून टाकणंही सोपं नसतं.

या पट्ट्या लोकांना आधी औषध म्हणून माहीत झाल्या नाहीत. २००१ मध्ये अमेरिकेत लिस्टरीनच्या तोंडाला ताजेपणा देणाऱ्या पट्ट्या आल्या आणि गाजल्या. पुढे सर्दी-खोकल्याच्या पट्ट्या आल्या. २०१० मध्ये उलटी थांबवणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉनच्या फिल्मला अमेरिकेच्या औषध नियामकाने मंजुरी दिली. २०१८ मध्ये गंभीर प्रकारच्या अपस्मारासाठी, म्हणजे फिट्सच्या आजारासाठी, क्लोबॅझमची फिल्म मंजूर झाली.

ती बनते कशी?

घरी आंबापोळी घातलेली पाहिली असेल, तर अर्धी प्रक्रिया तुम्हाला माहीत आहे. रस ताटात पसरायचा, वाळवायचा, सोलून काढायचा आणि तुकडे करायचे. फिल्म बनवण्याची सर्वात रुळलेली पद्धत अशीच आहे.

रसाच्या जागी इथे पाण्यात विरघळणारा, वाळल्यावर पापुद्रा धरणारा पदार्थ असतो. बहुतेक वेळा तो वनस्पतींच्या सेल्युलोजपासून बनवलेला हायप्रोमेलोज किंवा बुरशीच्या मदतीने तयार होणारा पुलुलान असतो. पट्टी लवचीक राहावी म्हणून ग्लिसरीनसारखा पदार्थ, लाळ सुटावी म्हणून सायट्रिक अ‍ॅसिड, कडूपणा झाकायला गोडवा आणि पुदिन्यासारखा स्वाद घालतात. त्यात औषध मिसळतात.

हे मिश्रण हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत स्थिर ठेवतात, मग पातळ थरात पसरून मंद उष्णतेवर वाळवतात. फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे काम काचेच्या पेट्री डिशमध्ये होतं. कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर थर पसरतो, तो गरम हवेच्या बोगद्यातून वाळून बाहेर येतो आणि यंत्र त्याचे तुकडे करून पाकिटात भरतं.

मग अवघड काय आहे?

आंबापोळीचा एक तुकडा जाड आणि दुसरा पातळ निघाला तरी बिघडत नाही. औषधात बिघडतं.

एक साधा हिशेब बघा. ९ सेंटिमीटर व्यासाच्या डिशचं क्षेत्रफळ साधारण ६४ चौरस सेंटिमीटर असतं. २ बाय २ सेंटिमीटरच्या तुकड्यात ४ मिलिग्रॅम औषध हवं असेल, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमध्ये १ मिलिग्रॅम हवं. म्हणजे पूर्ण डिशमध्ये ६४ मिलिग्रॅम औषध घालायचं. कागदावर हिशेब बरोबर आहे. पण डिश ठेवलेलं टेबल किंचित जरी कललेलं असलं, तर एका बाजूला थर जाड होतो. बुडबुडा राहिला तर तिथे औषध कमी पडतं. मग एका रुग्णाला ३ मिलिग्रॅम मिळतं, दुसऱ्याला ५.

म्हणून वेगवेगळ्या तुकड्यांतलं औषध स्वतंत्रपणे मोजतात. ते ठरलेल्या मात्रेच्या ८५ ते ११५ टक्क्यांच्या आत असावं, हा सर्वसाधारण निकष आहे. शिवाय जाडी मोजतात, पट्टी एकाच जागी पुन्हा पुन्हा दुमडून ती किती वेळा टिकते ते पाहतात आणि विरघळायला लागणारा वेळ तपासतात.

वसईच्या हवेचा इथे काय संबंध?

पापड उघडा राहिला की सादळतो. वसई-विरारमध्ये जुलै महिन्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे इथल्या घरांना हे सांगायची गरज नाही. फिल्मची गत पापडासारखीच आहे. जी पट्टी लाळेत मिनिटभरात विरघळावी लागते, ती हवेतलं पाणीही तितक्याच उत्सुकतेने ओढून घेते. मग ती चिकट होते, पाकिटाला चिकटते आणि काही औषधं ओलाव्याने खराबही होतात.

उलट, खूप कोरडी केली तर ती कडक होऊन मोडते. म्हणजे पाणी थोडं हवं, पण फार नको. फिल्म विकसित करणाऱ्याचा बराचसा वेळ हा तोल साधण्यात जातो.

म्हणूनच औषधाच्या टिकाऊपणाच्या चाचणीत ते पाकिटासह ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत ६ महिने ठेवून पाहतात. म्हणूनच प्रत्येक पट्टी वेगळ्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या पाकिटात येते. फिल्म महाग पडण्यामागे हे पॅकिंगही एक कारण आहे.

सगळीच औषधं पट्टीत का येत नाहीत?

जागा पुरत नाही. २ बाय ३ सेंटिमीटरची, ०.१ मिलिमीटर जाडीची पट्टी घेतली, तर तिचं एकूण वजन साधारण ६० ते ७० मिलिग्रॅम भरतं. त्यातही पापुद्रा धरणारा पदार्थ आणि इतर घटक आलेच. ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल त्यात बसणार कशी? ऑन्डान्सेट्रॉनची मात्रा ४ किंवा ८ मिलिग्रॅम, क्लोबॅझमची ५ ते २० मिलिग्रॅम, म्हणून ती बसतात. फार कडू औषधांची चव झाकणं ही आणखी एक अडचण.

लगेच विरघळते म्हणजे लगेच लागू पडते?

हा सर्वात मोठा गैरसमज आहे. जिभेवर विरघळलेलं बरंचसं औषध लाळेबरोबर गिळलं जातं आणि गोळीसारखंच आतड्यातून रक्तात जातं. त्यामुळे असर सुरू व्हायला बहुतेकदा गोळीइतकाच वेळ लागू शकतो.

काही फिल्म मात्र जिभेखाली किंवा गालाच्या आत ठेवण्यासाठीच बनवलेल्या असतात. तिथल्या त्वचेतून औषध थेट रक्तात जातं आणि यकृतात वाया जाण्यापासून वाचतं. अफूजन्य औषधांच्या व्यसनावरील ब्युप्रेनॉर्फिनची फिल्म अशी आहे. म्हणून पट्टी कुठे ठेवायची, हे पाकिटावर वाचणं गरजेचं आहे.

महाराष्ट्रात हे काम कुठे होतं?

ठळक उदाहरण नागपूरचं आहे. कळमेश्वर इथे कारखाना असलेल्या झिम लॅबोरेटरीज या कंपनीने 'थिनोरल' या नावाने ओरल फिल्मचं तंत्रज्ञान विकसित केलं आहे. वसई-विरारचा वाटा वेगळ्या बाजूने आहे. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींमध्ये औषधनिर्मितीची यंत्रं बनवणारे कारखाने आहेत, तर विरार परिसरात फार्मसीचं शिक्षण मिळतं. पेट्री डिशमधली फिल्म हजारो पाकिटांपर्यंत न्यायची, तर औषधाचं शिक्षण आणि यंत्राचं कसब दोन्ही लागतं.

वापरताना काय लक्षात ठेवाल?

– हात कोरडे असतानाच पाकीट उघडा, आणि घेण्याच्या वेळीच उघडा.
– पाकीट फाटलेलं असेल किंवा पट्टी चिकट झाली असेल तर वापरू नका.
– डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पट्टीचे तुकडे करू नका. मात्रा चुकेल.
– तोंड कोरडं पडलं असेल तर आधी घोटभर पाण्याने ते ओलं करा.
– चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करून फिल्म घेऊ नका. गिळायचा त्रास असलेल्या रुग्णासाठी फिल्म चालेल का, हेही आधी डॉक्टरांना विचारा.

आणि एक गोष्ट. इन्स्टाग्रामवर झोपेच्या किंवा व्हिटॅमिनच्या पट्ट्यांच्या जाहिराती दिसतात. पाकिटावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असेल, तर ते उत्पादन अन्नपूरक म्हणून विकलं जातं, औषध म्हणून नाही. दिसायला दोन्ही पट्ट्या सारख्याच असतात. ऑर्डर देण्याआधी पाकिटाची मागची बाजू वाचा.