वीणा खुंटीवर राहिली ते वर्ष

दिंडीच्या शंभर वर्षांचा हिशेब मांडायला आम्ही देवळात बसलो, तेव्हा पहिल्याच बैठकीत वाद झाला. वाद पैशाचा नव्हता, मानाचाही नव्हता. दिंडीची वही उघडली आणि २०२० सालाचं पान आलं. त्या पानावर मुक्काम नाहीत, पंगती नाहीत, कुणी किती शिधा दिला त्याची नोंद नाही. एक जण म्हणाले, "हे पान कोरं सोडा. शंभरातलं एक वर्ष कुणी मोजत बसत नाही." दुसरे म्हणाले, "पालखी एस.टी.तून का होईना, पंढरपुरी गेली. म्हणजे वारी चुकली नाही. आपणही तसंच लिहावं." तिसरे एक म्हातारे टाळकरी गप्प बसले होते. ते शेवटी एवढंच बोलले, "पालखी गेली, आपली वीणा गेली का?"

या प्रश्नाला आम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे चार शब्द.

आपली दिंडी निघाली तेव्हा नांदेड, लातूर हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पंढरपूर मात्र इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे वारीला जायचं तर एक राज्य ओलांडून दुसऱ्या राज्यात पाय टाकायचा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, तिथून मुरूड, ढोकी, येडशी आणि मग बार्शी. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरहून कुर्डुवाडीला जायची, पुढे पंढरपूरलाही जायची. पण ज्याच्या गळ्यात माळ, तो गाडीत बसायचा नाही. वाटेत ढोकीजवळ तेर लागतं. गोरोबाकाकांचं दर्शन घेतल्याशिवाय दिंडी पुढं सरकत नसे.

ज्यांनी दिंडी काढली ती माणसं एका साथीतून वाचलेली होती, हे आपण विसरून गेलो आहोत. १९१८ साली पहिलं महायुद्ध संपता संपता इन्फ्लुएंझा आला. आपल्याकडं त्याला मानमोडीचा ताप म्हणायचे. बोटीवरून तो मुंबईत उतरला आणि त्या साली ऐन शरदात, भाद्रपद ते कार्तिक, गावंच्या गावं आडवी केली. पाऊसही त्या वर्षी दगा देऊन गेला होता. साऱ्या देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. घरात पाणी द्यायला उभं माणूस नाही, अशा गोष्टी आमच्या आज्या सांगायच्या. त्यानंतर थोड्याच वर्षांनी आपल्या गावकऱ्यांनी वीणा उचलली. मरण बघितलेल्या माणसांनी चालायला सुरुवात केली, असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही.

पुढं संकटं आली नाहीत असं नाही. १९४८ ची आषाढी रझाकारांच्या धामधुमीत आली. त्या वर्षी सगळी दिंडी निघाली नाही, चारच माणसं गेली. पण वीणा गेली. १९७२ चा दुष्काळ पडला. खायला मिलो ज्वारी आणि कामाला खडी फोडणं, तरी कार्तिकीला माणसं निघाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. जवळपास दहा हजार माणसं मातीखाली गेली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत कार्तिकी होती. पत्र्याच्या शेडमधून माणसं उठून आली आणि दिंडीत उभी राहिली. त्यांना कुणी काही विचारलं नाही. नुसते टाळ हातात दिले.

मग २०२० मध्येच आपण का थांबलो? नव्या पोरांनी हा प्रश्न आम्हाला विचारला आहे, आणि तो रास्त आहे.

त्याचं उत्तर असं. दुष्काळात, भूकंपात चालणाऱ्याचं जे व्हायचं ते त्याचं एकट्याचं होतं. साथीच्या रोगात तसं नसतं. वारकरी ज्या गावी उतरतो, त्या गावचं पाणी पितो, त्या घरची भाकरी खातो, त्या माउलीच्या पायावर डोकं ठेवतो. त्यानं रोग नेला, तर तो त्याच माउलीच्या घरात ठेवून येणार. जुन्या काळी पटकीनं हेच केलं. यात्रेत पटकी सुरू व्हायची आणि परतीच्या वाटेनं गावोगाव पोचायची. म्हातारी माणसं सांगायची, पंढरपूरला जायचं तर आधी पटकीची सुई टोचून घ्यावी लागे. १८९७ मध्ये प्लेगच्या वेळी इंग्रजांनी साथरोगाचा कायदा केला. तोच कायदा २०२० च्या मार्चमध्ये आपल्या सरकारनं पुन्हा बाहेर काढला.

त्या साली मार्चमध्येच पंढरीच्या देवळाचं दार भाविकांना बंद झालं. ३० जूनला संतांच्या पादुका एस.टी.तून पंढरपूरला गेल्या, १ जुलैला आषाढी झाली. आपली वीणा देवळातल्या खुंटीवर होती. त्या दिवशी विणेकरी बुवांनी ती खाली घेतली, पुसली, हार घातला आणि परत टांगली. आम्ही आठ-दहा जण लांब लांब बसून हरिपाठ म्हणालो. तोंडाला पट्टी बांधून हरिपाठ म्हणायची वेळ येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

ते वर्ष अधिक महिन्याचं होतं. अश्विन दोन आले. त्यामुळं चातुर्मास चांगला पाच महिन्यांचा झाला. देव झोपला आणि उठायचं नाव घेईना, असं बायका म्हणायच्या. त्यात ऑक्टोबरच्या मध्याला पावसानं कहर केला. लातूर, उस्मानाबाद, सोलापूर, सगळीकडं काढून ठेवलेलं सोयाबीन भिजलं, शेंगांना कोंब फुटले. दसरा गेला, दिवाळी गेली. १६ नोव्हेंबरला पाडव्याच्या दिवशी राज्यातली देवळं उघडली. आम्हाला वाटलं, आता कार्तिकी मिळणार. पण कार्तिकीला पंढरपुरात संचारबंदी लागली. बाहेरच्या वारकऱ्यानं येऊ नये, असा हुकूम निघाला.

तेव्हा विणेकरी बुवा म्हणाले, "पंढरीला जाऊ देत नाहीत, ठीक आहे. पाय तर आपलेच आहेत ना?" २६ नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशीच्या दिवशी, आम्ही पाच जण नांदेडात चालायचं ठरलं. ना पताका, ना पखवाज. दोघांत चार पावलांचं अंतर. टाळ खिशात, वाजवायचे नाहीत. वीणाही घेतली नाही. गर्दी जमली तर काय घ्या, म्हणून ती खुंटीवरच ठेवली.

नांदेड आम्ही जन्मापासून बघतो. दवाखाना, कोर्ट, बाजार, पोरांचं कॉलेज. पण नुसतं चालायला म्हणून कधी गेलो नव्हतो. स्टेशनवरून वजिराबादकडं आलो. एरवी इथं रिक्षावाल्यांच्या ओरडण्यानं कान किटतात. त्या दिवशी दुकानं उघडी होती, पण दारात दोरी बांधलेली. गिऱ्हाईक दोरीच्या अलीकडं, माल पलीकडं. आम्हाला बघून एक दुकानदार हात जोडून म्हणाला, "माउली, यंदा इथूनच का?" आम्ही म्हणालो, "इथूनच." त्यानं पाण्याच्या पाच बाटल्या दोरीवरून पुढं केल्या. पैसे घेतले नाहीत.

पुढं सचखंड गुरुद्वारा. गुरू गोविंदसिंहजींनी १७०८ च्या ऑक्टोबरात इथंच देह ठेवला आणि यापुढं ग्रंथ हाच गुरू, असं सांगितलं. आज उभा आहे तो गुरुद्वारा महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३२ ते १८३७ मध्ये बांधला गेला. त्या वर्षी लॉकडाउन लागला तेव्हा पंजाबातून आलेले सुमारे ४,००० यात्रेकरू इथं अडकले होते. महिनाभर ते इथंच राहिले, लंगरात जेवले, एप्रिलच्या अखेरीला बसनं परत गेले. आम्ही घरी बसून वारी चुकली म्हणून रडत होतो. त्यांची यात्रा घडली होती, पण घर दुरावलं होतं.

आम्ही दारात उभे राहिलो. आतून कीर्तनाचा आवाज येत होता. आमच्यातले एक वाचन असलेले मास्तर आहेत. ते म्हणाले, "या ग्रंथात आपल्या नामदेवरायांची ६१ पदं आहेत." हे ऐकलं आम्ही आधीही होतं. पण त्या दिवशी, पंढरीचा रस्ता बंद असताना, त्या दारात उभं राहून ऐकलं आणि अंगावर काटा आला.

नरसी हे नामदेवांचं गाव, आता हिंगोली जिल्ह्यात. तेरला गोरोबाकाकांनी त्यांना कच्चं मडकं ठरवलं, अशी कथा आहे. मग औंढ्याला विसोबा खेचर गुरू भेटले. पुढं नामदेव उत्तरेला गेले, पंजाबात घुमानला राहिले. तिथं त्यांनी लोकांच्या बोलीत गायलेली पदं लोकांनी जपली, आणि १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला तेव्हा ती त्यात घेतली. तोच ग्रंथ पुढं नांदेडला गुरुपदी बसला. म्हणजे बघा, नामदेवांचे शब्द इथून पंजाबात गेले आणि साडेतीनशे वर्षांनी गोदावरीच्या काठी, त्यांच्या गावापासून जवळच, परत येऊन बसले. नामदेवांची वारी पुरी झालेली दिसते. आम्ही तिथं पायरीला हात लावला. आतून बाहेर आलेल्या एका सरदारजींनी विचारलं, "कहाँ से?" मास्तरांनी सांगितलं, "नामदेवांच्या मुलखातले." त्यांनी नुसते हात जोडले.

तिथून नगीना घाट. पावसाळ्यात विष्णुपुरीतून सुटलेल्या पाण्यानं गोदावरी भरून वाहिली होती, घाटावर गाळाचे पट्टे होते. काठानं जुनं नांदेड आणि नंदगिरीचा किल्ला. वाहणारी गोदाच आमची चंद्रभागा झाली. पाचही जण पाण्यात पाय सोडून बसलो. मग कुणी न सांगता खिशातले टाळ बाहेर आले. हळूच वाजवले. वरच्या पायरीवर एक बाई धुणं धुवत होती. तिनं हातातलं काम थांबवलं आणि आमचं भजन संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

हे लिहिताना एक गोष्ट लपवायची नाही. घाटावर बसलेल्या पाचांपैकी आज तिघंच आहोत. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, ती नांदेडावर फार जोरात आली. त्यात विणेकरी बुवा गेले, आणि पंधरा दिवसांनी आमचे एक टाळकरी. दिंडीतल्या माणसाला दिंडीनं खांदा द्यायचा असतो. आम्हाला तोही देता आला नाही. त्या साली आषाढी पुन्हा एस.टी.तूनच झाली. म्हणजे चुकल्या त्या दोन आषाढ्या.

त्याच साली कार्तिकी मोकळी झाली. वीणा खुंटीवरून काढली तेव्हा बुवांनी घातलेला हार वाळून गेला होता. तो आम्ही गोदेत सोडला. लातूरला आलो, गंजगोलाईत पोचलो. सोळा रस्ते जिथं मिळतात तिथं, जगदंबेच्या देवळासमोर, दिंडी उभी राहिली. वीणा आता बुवांच्या मुलाच्या गळ्यात होती. अडत्यांनी नेहमीसारखी पंगत घातली. एका म्हाताऱ्या मावशीनं नव्या विणेकऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "तुझा बाप माझ्याकडं चहा घेतल्याशिवाय पुढं जात नव्हता." तिच्याकडं तेव्हा चहा झाला. आम्ही सगळे थांबलो.

तर बैठकीतल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही असं दिलं आहे. पान कोरं ठेवलं नाही, आणि वारी झाली असं खोटंही लिहिलं नाही. वहीत लिहिलं: "शके १९४२, शार्वरी नाम संवत्सर. दिंडी निघाली नाही. वीणा खुंटीवर. पाच जण गोदाकाठी चालले." खाली त्या पाचांची नावं आहेत. पुढच्या वर्षाच्या पानावर गेलेल्या दोघांची नावं पुन्हा लिहिली आहेत.

शंभर वर्षांत दोन आषाढ्या आपल्या पायांनी घडल्या नाहीत. अठ्ठ्याण्णव घडल्या. गुढी उभारताना हा आकडा सांगायला आम्हाला लाज वाटत नाही. ज्या गावांनी शंभर वर्षं आपल्याला भाकरी घातली, त्या गावांत आपण रोग नेला नाही. त्या दोन वर्षांत हीच आपली सेवा होती. उद्या पुन्हा अशी वेळ आली, तर पुढच्या पिढीनं वही उघडून हे पान वाचावं. निघायचं कधी हे वारकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. थांबायचं कधी, हे मात्र लिहून ठेवलेलं बरं.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. राम कृष्ण हरी.