कुलपात बसणारी, पण न फिरणारी किल्ली

गर्दचे व्यसन १९८०नंतरच्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत पसरले. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन; ते अफूतल्या मॉर्फिनपासून बनते. एका झाडाच्या बोंडातला चीक माणसाच्या मेंदूचा एवढा ताबा कसा घेतो?

१९७३ साली अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत मॉर्फिन जाऊन बसते त्या जागा, म्हणजे ग्राही, दाखवून दिल्या. पण निसर्गाने हे ग्राही अफूसाठी थोडेच ठेवले असणार? १९७५ साली स्कॉटलंडमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून शरीराचे स्वतःचे वेदनाशामक, एन्केफॅलिन, वेगळे केले. मॉर्फिन ही त्याच कुलपाची परकी किल्ली.

नॅल्ट्रेक्सोन ही तिसरी किल्ली. ती कुलपात बसते, पण फिरत नाही. मॉर्फिनला मात्र जागा उरत नाही. व्यसन सोडलेल्यांसाठी अमेरिकेत १९८४ साली तिला मान्यता मिळाली. नेहमीची मात्रा दिवसाला ५० मिलिग्रॅम.

त्याआधी, १९८३ साली, झॅगॉन आणि मॅक्लॉफलिन यांना एक नवल दिसले होते. कर्करोगाच्या पेशी टोचलेल्या उंदरांना त्यांनी हे औषध दिले. मोठ्या मात्रेने ग्राही दिवसभर अडले आणि गाठी लवकर वाढल्या. अल्प मात्रेने ते रोज चार-सहा तासच अडले आणि गाठी कमी झाल्या! म्हणजे प्रश्न मात्रेपेक्षा वेळेचा होता. अडसर थोडा वेळ राहिला, तर शरीर भरपाई म्हणून स्वतःची द्रव्ये आणि ग्राही वाढवते व अडसर निघाल्यावर त्यांचा परिणाम वाढतो, असे यामागचे अनुमान आहे.

यातूनच माणसांना १ ते ५ मिलिग्रॅम देऊन पाहणे सुरू झाले. छोट्या चाचण्यांनी आशा दाखवली. पण डेन्मार्कमध्ये अंगदुखीच्या फायब्रोमायल्जिया या आजाराच्या ९९ स्त्रियांवर ६ मिलिग्रॅमची चाचणी झाली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, वेदनेबाबत खऱ्या आणि खोट्या गोळीत निर्णायक फरक आढळला नाही. उंदरांवरून माणसावर उडी मारता येत नाही, हे वर्गात सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. जो अजून गर्द किंवा मॉर्फिन घेत आहे, त्याला हे औषध दिले तर ते ग्राहींवरून मॉर्फिनला हुसकते आणि व्यसनी ज्याला ‘टर्की’ म्हणतात त्या यातना एकदम सुरू होतात. म्हणून मात्रा कितीही अल्प असली, तरी हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये.