मोजलंस का?

दर वर्षी २८ फेब्रुवारीला खोडदला जत्रा भरते, विज्ञानाची. १९२८ साली याच तारखेला लागलेल्या रामन यांच्या शोधाची आठवण म्हणून १९८७ पासून आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो. नारायणगावजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण त्या सुमारास लोकांना पाहायला खुली होते आणि जुन्नर-आंबेगावच्या शाळांमधली मुलं तिथे आपापले प्रकल्प मांडतात.

आठवीत असताना मीही तिथे निर्धूर चूल घेऊन गेलो होतो. तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘सरपणात ५० टक्के बचत’. एक पाहुणे थांबले, तक्ता वाचला आणि म्हणाले, “मोजलंस का रे?” मी म्हणालो, “पुस्तकात दिलंय, सर.” ते हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

निर्धूर चुलीचा इतिहास वाचला तेव्हा कळलं, की ही चूक माझ्या एकट्याची नव्हती. वर्ध्याच्या मगनवाडीत चाळीसच्या दशकात मगन चूल तयार झाली. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि पुढच्या दोन दशकांत तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या. प्रयोगशाळेत या चुली छान चालत. घरात मात्र कुठे तडा जाई, कुठे धुराडं काजळीने बुजे, कुठे घरातलं मोठं पातेलंच तिच्यावर बसत नसे. किती चुली वाटल्या याचा हिशोब चोख होता, पण त्यांतल्या किती पेटत्या राहिल्या याचा तितका नव्हता.

त्याच १९८३ साली आमच्यापासून फार लांब नसलेल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग आले. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून त्यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हे सूत्र १९३७ च्या वर्धा परिषदेतल्या नई तालीमशी नातं सांगणारं. कलबागांनी त्याला तंत्रज्ञानाची जोड दिली. शेती-पशुपालन, कार्यशाळा, गृह-आरोग्य आणि ऊर्जा-पर्यावरण असे चार विभाग त्यांनी आखले. मुलांनी गावाला लागणारं खरं काम करायचं, त्याचा खर्च काढायचा आणि हिशोब ठेवायचा. तक्त्यावरचा आकडा आणि वहीतला आकडा यांतलं अंतर तिथे आपोआप मिटत असावं.

मी ते घरी येऊन शिकलो. शाळेतून तापमापी मागून आणली, दुकानातून तराजू आणला. आजीने आंघोळीचं पाणी तापवलं: दहा लिटर, २५ अंशांवरून ६५ अंशांवर. सरपण लागलं एक किलो. पाण्यात गेलेली उष्णता साधारण १,६८० किलोज्यूल आणि किलोभर वाळलेल्या लाकडात सुमारे १६,००० किलोज्यूल. म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा पाण्याला मिळाला.

आजीला सांगितलं, “दहा काटक्यांतली एकच पाण्याला लागते.”

ती म्हणाली, “मग बाकीच्या नऊ डोक्यावरून कुणासाठी आणते मी?”

या प्रश्नाला तक्त्यावर जागा नव्हती. आम्ही झाकण ठेवलं, सरपण दोन दिवस जास्त वाळवलं, चुलीच्या तोंडाशी मातीचा बांध घातला. पुन्हा मोजलं, तर ७०० ग्रॅम. ५० टक्के नाही, ३०. पण हे ३० आमचे होते. तिच्या चुलीला वैल तर आधीपासूनच होता. उरलेल्या आचेवर आमटी गरम ठेवायची अक्कल तिला कुणी शिकवावी लागली नव्हती.

खोडदच्या तबकड्यांचं मर्म मला त्यानंतर उमगलं. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भरीव पत्र्याच्या न करता ताणलेल्या दोऱ्यांवर बारीक तारांची जाळी बसवून केल्या. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका लागतो आणि खर्चही कमी होतो. नको तिथे काही लावायचं नाही, आणि नको तिथे म्हणजे कुठे हे आधी मोजायचं.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. मध्यंतरी पुन्हा खोडदला गेलो होतो. एक मुलगी गोबरगॅसचं मॉडेल घेऊन उभी होती. मी विचारलं, “मोजलंस का?”

तिने टेबलाखालून वही काढली. दोन गाई, रोजचं शेण, रोज शेगडी किती मिनिटं पेटली. मधल्या तीन दिवसांच्या रकाने रिकामे होते.

“हे काय?”

“तेव्हा आजारी होते. आईला मोजायला वेळ नव्हता.”

रिकामे रकाने तिने अंदाजाने भरले नव्हते.